अकरा महिन्यांचा करार

गॅसच्या फॉर्मवर एक रकाना होता: कायमचा पत्ता.
पेन उघडलं आणि तसंच धरून बसले.
काझाच्या होमस्टेत, बुंदीच्या धर्मशाळेत,
माजुलीला नावाड्याच्या भिजक्या वहीत
सहा वर्षं मी बिनदिक्कत लिहीत आले, कोल्हापूर.
आता कोल्हापुरातच बसून
ते लिहायला हात होत नव्हता.

"मंगळवार पेठ लिव की," बाबासो म्हणाले.
"पत्ता न्हाई तर सिलिंडर कुठं टाकंल त्यो?"

बाबासो इंगवले, एसटीत चौतीस वर्षं.
कोल्हापूर ते पणजी, कोल्हापूर ते विजापूर,
गुडघे दुखायला लागल्यावर नुसतं गगनबावडा.
एकदा मी त्यांच्यासमोर हिशेब मांडला,
म्हटलं, पृथ्वीला पन्नासेक फेऱ्या झाल्यात तुमच्या.
तंबाखू मळता मळता हसले.
"फिरली ती गाडी. मी आपला सीटवर बसून हुतो."

पाठपिशवी माळ्यावर टाकली त्या दिवशी
खांद्यांवर तिच्या पट्ट्यांचे दोन फिके वण होते.
ते उन्हाळ्यात बुजले.
मग वस्तू यायला लागल्या.
आधी एक पातेलं, नंतर त्याचं झाकण,
झाकण ठेवायला मांडणी,
मांडणी रिकामी दिसते म्हणून बरण्या.
गंगावेशीच्या कट्ट्यावर रात्री दूध प्यायला जाते,
म्हशीवाला मला लांबून बघूनच ग्लास विसळतो.
असं माझ्यासाठी कुठंच कुणी केलं नव्हतं.
खरं तर केलं असेल. मीच दुसऱ्या दिवशी निघालेली असायची.

घरमालकीण हौसाक्का बाजारला निघताना
जिन्यातून ओरडतात, "मी येतो गं!"
लहानपणी मीही तसंच म्हणायचे, इथल्या सगळ्या बायकांसारखं.
बाहेर लोक हसले, आणि कुठल्याशा स्टेशनवर
माझं 'येतो' पुसून 'येते' झालं.
नक्की कुठल्या, ते आठवत नाही.

रात्री कधीतरी गाडीची शिटी ऐकू येते.
इथं रूळ संपतात.
आलेली गाडी तोंड न वळवताच परत जाते,
फक्त इंजिन या टोकाचं त्या टोकाला.
मी अंथरुणात पडून
ते जोडल्याचा धक्का ऐकू येतो का, बघत राहते.

दहावा महिना सरला तेव्हा
बाबासो नवा स्टॅम्पपेपर घेऊन वर आले.
"घाई न्हाई," म्हणाले, आणि पेनही ठेवून गेले.

त्या रात्री स्टूल घेतलं, माळ्यावर हात घातला.
नुसतं बघायला, असं स्वतःला सांगत.
पाठपिशवीत, माझ्या जुन्या लोकरी टोपीवर
तीन पिल्लं, डोळे न उघडलेली,
आणि त्यांची आई माझ्याकडं अशी बघत होती
जणू भाडं थकलंय माझं.

"मांजर सात घरं फिरवतंय पिल्लास्नी," हौसाक्का म्हणाल्या.
"ह्ये कितवं, तिचं तिला ठावं."
मी माझी मोजायला लागले.
सात कधीच मागं पडली होती.

दहा दिवस गंगावेशीचं दूध घरी आणलं.
टेबलावर वाटी ठेवायला हाताशी तोच कागद होता,
त्याच्यावर गोल डाग पडलाय, नेमका सहीच्या जागी.
अकराव्या दिवशी पहाटे तिनं एकेक पिल्लू मानेला धरून
पत्र्यावरून पलीकडच्या सुताराकडं नेलं.
तीन खेपा. तिसरीनंतर एकदा
रिकामी परत आली, पिशवी हुंगली,
आणि गेली.

हात घातला तर टोपी अजून कोमट होती.

जिना उतरताना हौसाक्का तांदूळ निवडत बसलेल्या.
"येतो," मी म्हणाले.
त्यांनी मान वर केली नाही.
"ये," म्हणाल्या.